हिमवादळात अडकलेले मित्र (भयकथेतील रचना)

प्रलयकाळाच्या भयकथांमधली एक रुळलेली रचना. जिवाभावाचे चार-सहा मित्र एका जागी जमतात, निसर्गनियमात न बसणारे हिमवादळ सुटते, बाहेरच्या जगाशी संपर्क तुटतो आणि वादळ फक्त आपल्यापुरते नाही हे हळूहळू उमगते. भीती दोन बाजूंनी येते: बाहेरची थंडी व तिच्या आडून जे काही येत असेल ते, आणि घरातले आटत चाललेले सरपण, पाणी, धान्य. कथा पेलते ती बहुधा ही दुसरी बाजू.

कल्पनेची मुळे जुनी आहेत. नॉर्स पुराणकथांत जगाच्या अंताआधी मध्ये उन्हाळा न येता सलग तीन हिवाळे येतात. त्याला फिंबुलवेटर म्हणतात. जपानी लोककथांतली यूकी-ओन्ना ही बर्फातली बाई वाटसरूंना गोठवून मारते. इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा 1815 साली उद्रेक झाला आणि पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा आलाच नाही. तेव्हा जिनिव्हा सरोवराकाठी पावसामुळे घरात अडकलेल्या कवी बायरन, ‘फ्रँकेनस्टाइन’ची लेखिका मेरी शेली आणि मित्रमंडळींनी एकमेकांना भुताच्या गोष्टी रचण्याचे आव्हान दिले. आधुनिक भयकथेचा मोठा प्रवाह त्या बैठकीतून निघाला. फेब्रुवारी 1959 मध्ये उरल पर्वतात 9 तरुण पदयात्री मरण पावले. त्यांचा तंबू आतून फाडलेला सापडला. आतून फाडलेला, हा एक तपशील आजही अशा कथांना खाद्य पुरवतो.

मराठवाड्यात ही रचना वेगळ्या पायावर उभी राहते. इथे हिवाळा कोरडा असतो. परभणीचा पारा थंडीच्या लाटेत एकअंकी होतो, पण बर्फ पडत नाही. त्यामुळे बर्फ पडला एवढ्यानेच जगाची घडी मोडल्याचे वाचकाला कळते, वेगळे भूत आणायची गरज उरत नाही. अडचण आहे ती पहिल्या पानावर विश्वास बसवण्याची. त्यासाठी गारपीट कामाला येते. 2014 च्या फेब्रुवारीअखेरीस आणि मार्चमध्ये झालेल्या गारपिटीने रब्बीची उभी पिके झोपवली, ती आठवण अजून ताजी आहे. म्हणून सुरुवात गारांनी करावी. ढग, वारा, पत्र्यावरचा ताशा, सगळे ओळखीचे. मग गारा थांबतात, ऊन पडते, दुपार कलते, आणि अंगणातली एकही गार विरघळत नाही. कोणीतरी एक गार चुलीजवळ ठेवतो. ती तशीच राहते.

मित्र एकत्र यायला येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, उत्तम. मार्गशीर्ष अमावस्येला लातूर-धाराशिवकडची गावेच्या गावे शेतात असतात. शहरात रस्ते ओस पडतात. कडब्याची कोप (खोपटी), आंबिल, भज्जी, उंडे, सगळे शिवारात आणि घरांना कुलपे. परभणी-हिंगोलीकडे हुरड्याच्या निमित्ताने आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) मंडळी जमतात. आगटी (शेकोटी) पेटलेली असते आणि गोवऱ्यांचा ढीग शेजारी असतो, म्हणजे सरपणाचा हिशेब पहिल्या दिवसापासून मांडता येतो. तुराट्या आणि पऱ्हाट्या भरभर जळतात. रात्रभर धग धरते ती गोवरी.

छताचा हिशेब चुकला की जाणकार वाचक कथा मिटतो. ताज्या भुसभुशीत बर्फाचे वजन घनमीटरला साधारण 100 किलो धरता येते. दहा बाय बारा फुटांच्या पत्र्याच्या खोलीवर फूटभर थर म्हणजे 340 किलोंच्या आसपास. तेवढ्याच जाडीचा थर ओला आणि दबलेला असेल तर दुप्पट-तिप्पट. जुने माळवद याहून घातक. लाकडी तुळयांवर आधीच मातीचा जाड थर असतो. आत आगटी पेटवली की वरचा बर्फ खालून वितळतो, पाणी मातीत मुरते, ओझे हलके होत नाही आणि भिजलेले माळवद कमकुवत होत जाते. ऊब हवी तर छत जाते, छत हवे तर ऊब जाते. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपाची पहाट ऐकून वाढलेल्या वाचकाला दगडी भिंत आणि जड छत म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. वाड्याचे दार आत उघडते, हेही विसरू नये. अडसर काढला की समोर दाराचा ठसा उमटलेली बर्फाची भिंत दिसते.

धूर नसलेले निखारे बंद खोलीत सर्वात दगाबाज. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोके दुखते, मळमळते, झोप येते. धान्याच्या पेवात लपायचे ठरले तर तिथली कोंदट हवाही जीव घेते. ताजा बर्फ 10 लिटर वितळवला तर जेमतेम 1 लिटर पाणी मिळते, आणि तो नुसताच खाल्ला तर अंगातली ऊब जाते. शरीराचे आतले तापमान 35 अंशांखाली गेले की जीभ जडावते, निर्णय चुकतात. आणखी उतरले की कुडकुडणे थांबते आणि काही माणसे चक्क कपडे काढू लागतात. सोबत्यांना ते ‘अंगात आलं’ असे वाटणे साहजिक आहे. कथेतला पहिला बळी याच गैरसमजातून जातो.

इथल्या लोकसमजुतींचा नेमका वापर दोन ठिकाणी होतो. पांढऱ्या वाऱ्यात क्षितिज दिसेनासे झाले की माणूस नकळत गोल फिरतो. शिवारात त्याला चकवा लागला म्हणतात, आणि कथेने दोन्ही कारणे शेवटपर्यंत खुली ठेवावीत. दुसरी समजूत रात्रीच्या हाकेची. पहिल्या हाकेला ओ देऊ नये. भूत एकदाच हाक मारते, माणूस पुन्हा मारतो. सरपण आणायला गेलेला मित्र बाहेरून ‘दार उघड रं’ म्हणतो. आतले दुसऱ्या हाकेची वाट बघतात. गारठलेल्या माणसाच्या छातीत मात्र एकाच हाकेपुरता दम उरलेला असतो.

फसलेल्या कथांत बहुतेकदा वादळाला नियमच नसतो. बर्फ कधी हाक मारतो, कधी चालतो, कधी माणसात शिरतो, आणि मग मित्रांनी काहीही केले तरी फरक पडत नाही. नियम एकच असावा, तो तिसऱ्या-चौथ्या पानापर्यंत दिसावा आणि मोडू नये. गार विरघळत नाही असे ठरले तर पाणीही मिळणार नाही, छतही गळणार नाही. मग वरचे माळवदाचे गणित सोडून विहिरीवर कथा रचावी लागते. मित्रांची संख्या सहाच्या वर गेली की नावे घोळतात. आणि जुने देणे, मोडलेली सोयरीक किंवा बांधाचा वाद यांपैकी एक तरी गोष्ट बर्फ पडण्याआधी जेवताना निघालेली असावी, कारण भाकरी वाटायची वेळ आली की तीच वर येते.