ईयोबाने तक्रार केली नाही, हे खरं नाही

घरात मृत्यू झाला किंवा दुखणं लांबलं, की सांत्वनाला आलेली मंडळी हमखास बायबलमधल्या ईयोबाचा दाखला देतात, "ईयोबाकडे पाहा. सगळं गेलं, पण देवापुढे अवाक्षर काढलं नाही. विश्वास असेल तर रडायचं नाही." पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हा समज चुकीचा आहे, आणि दुःखात बुडालेल्या माणसावर तो आणखी एक ओझं टाकतो.

या समजाचं मूळ बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकाच्या पहिल्या दोन अध्यायांत आहे. मुलं, गुरंढोरं गेल्यावरही तो परमेश्वराचं नाव धन्य म्हणतो. पण पुस्तक 42 अध्यायांचं आहे! तिसऱ्यातच तो आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. पुढे देवालाच विचारतो, तू तोंड का लपवतोस, मला शत्रू का समजतोस (अध्याय 13, वचन 24)? त्याचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तोवर ठीक होतं. मग तोंड उघडून 'तुझंच काही पाप असेल' असं ते समजावू लागले. देव ईयोबालाही खडसावतो, हे खरं. पण त्याचा राग पेटतो तो मित्रांवर. माझ्याविषयी ईयोब योग्य बोलला, तुम्ही नाही, असं तो त्यांच्यापैकी अलीफजला सुनावतो (42:7).

बायबलमधल्याच याकोबाच्या पत्रात वाखाणलेला ईयोबाचा धीर (5:11) या सगळ्या आक्रोशासकटचा आहे. बायबलमधलं स्तोत्र 88 तर अंधाराच्या उल्लेखावरच संपतं. आणि वधस्तंभावर येशूने "माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" असा टाहो फोडला, तो स्तोत्र 22 च्याच शब्दांत.