इंटरॅक्टिव्ह आलेखांतील इव्हेंट हाताळणी

पडद्यावरच्या आलेखावर वाचक माउस फिरवतो, बोट टेकवतो, चाक फिरवतो, कळ दाबतो. या प्रत्येक हालचालीची वर्दी ब्राउझर ‘इव्हेंट’च्या रूपाने देतो. ती वर्दी घेऊन तिचा डेटाच्या भाषेत अर्थ लावणे आणि त्यानुसार आलेख बदलणे म्हणजे इव्हेंट हाताळणी. वर्दीत असते ते एवढेच, की अमुक क्षणी, अमुक पिक्सेलवर, अमुक घटकावर हे घडले. वाचकाला पिक्सेलशी काही देणेघेणे नसते. त्याला एखाद्या वर्षाचा पाऊस किंवा एखाद्या जिल्ह्याची साक्षरता हवी असते. पिक्सेलपासून आकड्यापर्यंतची ही वाट हेच या कामाचे मर्म, आणि आलेख फसतात तेही बहुतेक याच वाटेवर.

कल्पना वेबपेक्षा जुनी आहे. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात संख्याशास्त्रज्ञ जॉन ट्यूकी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील स्टॅनफर्ड रेषीय त्वरक केंद्रात ‘प्रिम-९’ ही प्रणाली उभी केली. नऊ चलांपर्यंतचा डेटा तिच्यात पडद्यावर फिरवून पाहता येई. १९८७ मध्ये रिचर्ड बेकर आणि विल्यम क्लीव्हलँड यांनी ‘ब्रशिंग’ मांडले : एका आलेखात आयत ओढून काही बिंदू निवडायचे आणि तेच बिंदू शेजारच्या आलेखांत उजळलेले पाहायचे. आधी समग्र चित्र, मग झूम आणि गाळणी, आणि मागितल्यावर तपशील, हा बेन श्नायडरमन यांचा क्रम १९९६ चा. वेबवर या सगळ्याला व्यापक बळ दिले ते २०११ मध्ये आलेल्या ‘डी-थ्री’ या जावास्क्रिप्ट लायब्ररीने. पुढे ‘व्हेगा-लाइट’ने निवड आणि गाळणी यांचे वर्णन कोड न लिहिता, आलेखाच्या मांडणीतच करण्याची सोय केली.

वर्दीचा मार्ग

ब्राउझरमध्ये इव्हेंट दस्तऐवजाच्या मुळापासून खाली लक्ष्य घटकापर्यंत उतरतो आणि तिथून बुडबुड्यासारखा पुन्हा वर चढतो. याचा सरळ फायदा असा, की पाच हजार बिंदूंना पाच हजार लिसनर (वर्दी ऐकणारी फलने) लावण्याची गरज नाही. बिंदू ज्या गटात आहेत त्या गटाला एकच लिसनर लावावा आणि इव्हेंटचे लक्ष्य पाहून बिंदू ओळखावा. पण पॉइंटर (माउसचा बाण किंवा बोट) घटकावर आल्याचे सांगणाऱ्या दोन इव्हेंटांपैकी ‘पॉइंटरओव्हर’ वर चढतो, ‘पॉइंटरएंटर’ चढत नाही. गटावर ‘पॉइंटरएंटर’ लावला तर पॉइंटर गटात शिरताना एकदाच वर्दी मिळते. गटातल्या गटात एका बिंदूवरून दुसऱ्यावर गेल्याचे कळतच नाही.

‘डी-थ्री’ वापरणाऱ्यांची एक चूक आजही वारंवार दिसते. २०२० मधील सहाव्या आवृत्तीपासून लिसनरला पहिला इव्हेंट मिळतो आणि दुसरा डेटा. त्याआधी डेटा पहिला होता. जुने उदाहरण जसेच्या तसे उतरवले की इव्हेंटलाच डेटा समजून त्याच्यात आकडा शोधला जातो आणि टूलटिपमध्ये (बिंदूपाशी उमटणाऱ्या छोट्या माहितीचौकटीत) ‘अनडिफाइन्ड’ झळकते. याच लायब्ररीत एका घटकावर त्याच प्रकारचा दुसरा लिसनर लावला की पहिला पुसला जातो. दोन्ही हवे असतील तर इव्हेंटच्या नावापुढे टिंब देऊन वेगळे उपनाव द्यावे लागते.

एसव्हीजीचे, म्हणजे प्रत्येक आकार स्वतंत्र घटक म्हणून ठेवणाऱ्या चित्रस्वरूपाचे, स्वतःचे काही नियम आहेत. भरणरंग ‘नन’ असलेला आकार आतल्या पोकळीत इव्हेंट घेत नाही, फक्त रेषेवर घेतो. भरण पारदर्शक ठेवले तर मात्र घेतो. गटाच्या घटकाला स्वतःचे क्षेत्रफळ नसते, त्यामुळे दोन बिंदूंमधल्या मोकळ्या जागेत तो बहिराच राहतो. म्हणून आलेखाच्या पूर्ण क्षेत्रावर एक पारदर्शक आयत ठेवून त्यावर हालचाली टिपायच्या, ही रीत रूढ झाली आहे.

पिक्सेल ते आकडा

रेषालेखावरील टूलटिपचे उदाहरण घेऊ. पारदर्शक आयतावर ‘पॉइंटरमूव्ह’ आला, की पॉइंटरचा आडवा निर्देशांक चित्रक्षेत्राच्या मापात आणावा, त्यातून डावा समास वजा करावा, अक्षाच्या मापश्रेणीचे (आकड्याला पिक्सेल नेमून देणाऱ्या नियमाचे) व्यस्त फलन लावून तारीख काढावी आणि त्या तारखेची जागा क्रमवार डेटामध्ये द्विभाजनाने (यादी दर वेळी अर्धी करत) शोधावी. द्विभाजन दोन शेजाऱ्यांमधली जागा सांगते, सर्वांत जवळचा शेजारी सांगत नाही. डावा आणि उजवा यांतला जवळचा आपणच निवडायचा. हे राहिले की टूलटिप प्रत्येक वेळी पुढच्या किंवा मागच्याच बिंदूला चिकटते.

समास विसरल्यास किती फरक पडतो ते पाहा. १२० वर्षांची मालिका ६०० पिक्सेलमध्ये असेल तर एका वर्षाला ५ पिक्सेल मिळतात. ४० पिक्सेलचा समास वजा केला नाही तर टूलटिप ८ वर्षे पुढचा आकडा सांगते. अशी चूक सगळीकडे सारखी असते. चूक वरच्या डाव्या कोपऱ्यात जवळजवळ शून्य आणि उजवीकडे खाली जावे तशी वाढत जाणारी असेल तर दोष मापाचा असतो : एसव्हीजी ‘व्ह्यूबॉक्स’मुळे (चित्राच्या आतल्या मापक्षेत्रामुळे) ताणले किंवा आक्रसले गेले आहे, नाहीतर कॅनव्हासची (पिक्सेलांनी रंगवायच्या चित्रफलकाची) खरी पिक्सेलसंख्या पडद्याच्या घनतेनुसार दुप्पट ठेवली आहे आणि पॉइंटरचे निर्देशांक मात्र सीएसएस पिक्सेलमध्ये (पानाच्या मांडणीच्या एककात) येत आहेत. चूक स्थिर आहे की वाढती, एवढे आधी पाहिले तरी शोधाचा अर्धा वेळ वाचतो.

बिंदू हजारोंच्या घरात गेले की एसव्हीजी मंदावते आणि कॅनव्हास घ्यावा लागतो. कॅनव्हासवर बिंदू हे स्वतंत्र घटक नसतात. सगळे चित्र ब्राउझरच्या लेखी एकच घटक असते, त्यामुळे कोणता बिंदू लागला हे आपणच शोधायचे. विखुरलेल्या बिंदूंसाठी क्वाडट्री (जागा पुन्हा पुन्हा चार भागांत विभागणारी रचना) उत्तम : निर्देशांक आणि कमाल त्रिज्या दिली की जवळचा बिंदू मिळतो, आणि त्रिज्येत कोणी नसेल तर काहीच मिळत नाही. वेड्यावाकड्या आकारांसाठी लपवलेल्या दुसऱ्या कॅनव्हासवर प्रत्येक आकार वेगळ्या रंगाने भरतात आणि पॉइंटरखालच्या पिक्सेलच्या रंगावरून आकार ओळखतात. २४ बिटांत १,६७,७७,२१६ रंग बसतात, तेव्हा रंग अपुरे पडत नाहीत. अडचण येते ती कडांवर. कड गुळगुळीत करताना ब्राउझर दोन रंग मिसळतो आणि तयार होणारा तिसरा रंग भलत्याच आकाराचा क्रमांक निघू शकतो. म्हणून मिळालेला आकार खरोखर पॉइंटरपाशी आहे का, हे भूमितीने पुन्हा तपासावे.

टूलटिप

टूलटिप लुकलुकते याचे कारण जवळपास नेहमी एकच असते. ती पॉइंटरखाली उमटते, त्यामुळे बिंदूला वाटते पॉइंटर गेला. टूलटिप लपते, पॉइंटर पुन्हा बिंदूवर येतो आणि चक्र सुरू राहते. टूलटिपला सीएसएसमध्ये ‘पॉइंटर-इव्हेंट्स : नन’ दिले की हे थांबते. मात्र मग पॉइंटर टूलटिपवर टेकतच नाही, आणि इथे एक खरा पेच आहे. २०१८ च्या डब्ल्यूसीएजी २.१ या सुगम्यता निकषांनुसार पॉइंटर नेल्यावर उमटणारा मजकूर पॉइंटर त्याच्यावर नेला तरी टिकला पाहिजे आणि पॉइंटर न हलवता बंद करता आला पाहिजे. पडदा मोठा करून वाचणाऱ्याला टूलटिपपर्यंत सरकत जावेच लागते. यावर क्लिकने टूलटिप खिळवून ठेवणे आणि ‘एस्केप’ने घालवणे हा तोडगा चांगला. मजकूर दोन ओळींपेक्षा मोठा असेल तर टूलटिपच्या नादी न लागता आलेखाशेजारी स्थिर चौकट द्यावी.

बोट

महाराष्ट्राचा ३६ जिल्ह्यांचा नकाशा ३६० पिक्सेल रुंदीच्या फोनवर दाखवायचा आहे असे समजा. राज्याची पूर्व-पश्चिम लांबी सुमारे ८०० किलोमीटर, म्हणजे एक पिक्सेल साधारण २.२ किलोमीटरचा. अहिल्यानगर जिल्ह्याला (१७,०४८ चौ. किमी) साडेतीन हजारांच्या आसपास चौरस पिक्सेल मिळतात, मुंबई शहर जिल्ह्याला (१५७ चौ. किमी) जेमतेम ३२. डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये लक्ष्याचा किमान आकार २४ × २४, म्हणजे ५७६ चौरस पिक्सेल आहे. मुंबई शहरावर बोट नेमके टेकवणे कोणालाच जमणार नाही, आणि यात दोष बोटाचा नाही. अशा वेळी मुंबई आणि उपनगर वेगळ्या चौकटीत मोठे करून दाखवावे, सोबत जिल्ह्यांची यादी निवडीसाठी द्यावी, किंवा जिल्ह्यांच्या मध्यबिंदूंभोवती व्होरोनॉय क्षेत्रे पाडून टेकवलेल्या जागेच्या सर्वांत जवळचा मध्यबिंदू घ्यावा. शेवटचा उपाय विखुरलेखात (सुट्या बिंदूंच्या आलेखात) फार उपयोगी पडतो. नकाशात मात्र तो मोठ्या जिल्ह्यांच्या कडांवर शेजारचा जिल्हा देतो, म्हणून आधी थेट आकार तपासावा आणि फक्त लहान जिल्ह्यांपुरता हा नियम लावावा.

बोटाला ‘वर फिरवणे’ ही अवस्थाच नसते. जो तपशील फक्त पॉइंटर वर नेल्यावर दिसतो, तो फोनवाल्याच्या दृष्टीने नसल्यासारखाच.

ओढणे, ब्रश आणि झूम

ओढताना पॉइंटर आलेखाबाहेर गेला की ‘पॉइंटरअप’ (बटण किंवा बोट उचलल्याची वर्दी) दुसऱ्याच घटकाला मिळतो आणि ब्रश हाताला चिकटून राहतो. ‘पॉइंटरडाउन’च्या वेळीच पॉइंटर त्या घटकाकडे बांधून घेतला की पुढच्या सगळ्या वर्दी तिथेच येतात. टचवर आणखी एक गोष्ट घडते : ब्राउझरला वाटले की बोट पान सरकवते आहे, की तो ‘पॉइंटरकॅन्सल’ देऊन ओढणे आपल्या ताब्यात घेतो. आडव्या ब्रशला ‘टच-ॲक्शन : पॅन-वाय’ द्यावे. उभी हालचाल पानाला मिळते, आडवी आलेखाला. सरसकट ‘नन’ दिल्यास फोनवर पडदाभर आलेख आला की वाचक तिथेच अडकतो, खाली जाताच येत नाही.

चाकाच्या इव्हेंटमधला फरक पिक्सेल, ओळ किंवा पान यांपैकी एका एककात येतो. एकक न पाहता आकडा वापरला तर एका ब्राउझरमध्ये झूम मुंगीच्या पावलांनी आणि दुसऱ्यात उड्या मारत होते. ट्रॅकपॅडवरची चिमूट क्रोम आणि फायरफॉक्समध्ये कंट्रोल कळ दाबलेल्या चाकाच्या रूपाने येते. झूम कंट्रोलसहच्या चाकालाच ठेवावा आणि साधे चाक पान सरकवण्यासाठी सोडावे, हे लेखात बसवलेल्या आलेखांना सर्वांत सोयीचे. क्रोम खिडकी आणि दस्तऐवजावरचे चाकाचे लिसनर आपोआप ‘पॅसिव्ह’ मानतो, आणि पॅसिव्ह लिसनरला पानाची हालचाल थांबवता येत नाही. त्यामुळे लिसनर आलेखाच्या घटकावरच, पॅसिव्ह नाही असे स्पष्ट सांगून लावावा.

ब्रश सोडल्यावर निवड पूर्ण महिन्यांना जुळवण्यासाठी कोडमधून ब्रश हलवला, की तो पुन्हा ‘ब्रश संपला’ हाच इव्हेंट उठवतो आणि फेरा थांबतच नाही. ‘डी-थ्री’मध्ये इव्हेंटला ‘सोर्सइव्हेंट’ (ज्यातून तो उठला तो मूळ माउस किंवा बोटाचा इव्हेंट) आहे का ते पाहावे. नसेल तर हालचाल माणसाची नव्हे, कोडची आहे, तिथूनच परतावे. जोडलेल्या दोन झूमनाही हाच उपाय लागू पडतो.

वेग

६० हर्ट्झच्या पडद्यावर एका चौकटीला (फ्रेमला) १६.७ मिलिसेकंद मिळतात. ‘पॉइंटरमूव्ह’च्या प्रत्येक वर्दीला आलेख पुन्हा काढू नये, शेवटचा निर्देशांक जपून ठेवावा आणि ‘रिक्वेस्ट ॲनिमेशन फ्रेम’मध्ये (पुढची चौकट उमटण्याआधी ब्राउझर बोलावतो त्या फलनात) एकदाच काढावा. झिचेंग लियू आणि जेफ्री हीर यांच्या २०१४ च्या अभ्यासात अर्ध्या सेकंदाच्या जादा विलंबाने लोकांची डेटातली भटकंती कमी झालेली आढळली, तेव्हा प्रश्न नुसत्या देखणेपणाचा नाही. सर्व्हरकडून डेटा मागवत असाल तर उत्तरे मागितल्या क्रमाने येतीलच असे नसते. स्लायडर २०२० वर आणून ठेवला आणि २०१८ चे उत्तर उशिरा पोचले, तर पडद्यावर चुकीचे वर्ष बिनबोभाट राहते. प्रत्येक मागणीला क्रमांक द्यावा आणि शेवटचा क्रमांक नसलेले उत्तर टाकून द्यावे. ही चूक जलद जोडणीवर कधीच दिसत नाही, म्हणून ब्राउझरच्या साधनांतून जोडणी मंद करून तपासणी करावी.

कळफलक आणि मराठी लेखन

प्रत्येक बिंदूवर टॅबने थांबायला लावणे हा छळ आहे. आलेखाला एकच टॅबथांबा द्यावा, आत बाणांच्या कळांनी फिरू द्यावे आणि निवडलेल्या बिंदूचा आकडा स्क्रीन रीडरला (पडदा बोलून दाखवणाऱ्या प्रणालीला) वाचता येईल अशा मजकुरात ठेवावा.

मराठी वाचकांसाठी दोन गोष्टी खास तपासाव्या लागतात. ‘आर’ दाबल्यावर आलेख पूर्ववत, असा शॉर्टकट कळेच्या अक्षरावर बेतला असेल तर इनस्क्रिप्ट या देवनागरी कळमांडणीत तो चालत नाही. तिथे तीच कळ ‘ी’ देते. इव्हेंटमधील अक्षराऐवजी कळेची जागा सांगणारा ‘कोड’ वाचावा. दुसरे, रोमन अक्षरांतून मराठी उमटवणाऱ्या कळफलकात शब्द पूर्ण होईपर्यंत लेखन कच्चे असते. शोधपेटी प्रत्येक ‘इनपुट’ला यादी गाळत असेल तर ‘पुणे’ पूर्ण होण्याआधीच यादी रिकामी होते. रचना चालू आहे का, हे इव्हेंटमध्येच कळते. ‘कंपोझिशनएंड’ (रचना संपल्याची वर्दी) येईपर्यंत गाळणी थांबवावी. तुलना करण्यापूर्वी दोन्ही बाजूंचा मजकूर युनिकोडच्या एकाच प्रमाण रूपात आणावा, कारण ‘ऱ’ हे अक्षर स्वतंत्र संकेतानेही लिहिले जाते आणि ‘र’ला नुक्ता जोडूनही. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती वेगळी असतात.