ठिगळ ते ब्लॉक: पाव इंचाची माया कुठून आली

तीन ओळी, प्रत्येक ओळीत तीन चौकोन. नऊ तुकड्यांचा हा ब्लॉक, म्हणजे तुकडे जोडून केलेला चौकोन, पॅचवर्क शिकणाऱ्याचा पहिला धडा. ज्यांच्या घरात गोधड्या शिवल्या गेल्या आहेत त्यांना तो पोरखेळ वाटतो, आणि बऱ्याचदा त्यांचाच ब्लॉक पहिल्या खेपेला वाकडा येतो. टाका नीट असतो, हातही बसलेला असतो. पण सवय ठिगळाची असते.

गोधडीत ठिगळ कापडावर बसतं. कडा आत दुमडायच्या आणि वरून धावदोरा घालायचा. तुकडा सूतभर लहानमोठा झाला तर शेजारचा थोडा त्याच्यावर चढवायचा, काही बिघडत नाही. ब्लॉकच्या तुकड्याखाली मात्र काहीच नसतं. कडेला कड लावून, शिवणीबाहेर थोडं कापड (हीच माया) सोडून शिवायची, आणि एका तुकड्याची चूक पुढच्याच्या गळ्यात पडते. म्हणून गोधडीला माप लागलं नाही आणि ब्लॉक मापावाचून उभाच राहत नाही.

गोधडीचं खरं माप लुगड्याचं होतं. नऊवारी म्हणजे नऊ वार, सव्वाआठ मीटर. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, साधारण ४५ ते ४८ इंच. चार घड्या घातल्या की दोन मीटरचा चौपदरी थर मिळतो. दोन लुगडी शेजारी-शेजारी दंड घालून जोडली की दोघांना पुरेल अशी गोधडी. आत कापूस नाही. जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुताचे थर हेच भरण. टाक्यांच्या ओळी बोटाबोटाच्या अंतरावर येतात त्याही शोभेसाठी नव्हे. विरलेलं सूत दोन ओळींच्या मध्ये सुटं राहिलं की तिथेच फाटतं.

१७३४ मध्ये बडोदे कायमचं गायकवाडांकडे आलं. देशावरून इथे येऊन राहिलेल्या घरांबरोबर लुगडं आलं आणि लुगड्याबरोबर गोधडी. गुजरातीत ‘गोदडी’ आणि ‘गोदडुं’ हे शब्द होतेच. शिवाय सौराष्ट्राकडची धडकी होती आणि कटाबकाम होतं, म्हणजे कापडातून आकार कापून दुसऱ्या कापडावर बसवणं. धडकीत किंवा सिंधकडच्या रल्लीत चौकोन-त्रिकोण जोडलेले दिसतात, पण तेही जुन्या कापडाच्या थरांवर टाचून पक्के होतात. नुसत्या शिवणीवर भरवसा ठेवायची रीत इथल्या घरकामात फारशी नव्हती. कापूस भरलेली रजई हे आणखी वेगळं प्रकरण. तो पिंजाऱ्याचा धंदा, आणि तिथे टाक्यांचं काम कापूस एका कोपऱ्यात गोळा होऊ न देण्याचं.

हा भाग रजयांसाठी परदेशातही माहीत होता. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्तुगीज दुआर्ते बार्बोसा याने खंबायतच्या मालाचं वर्णन लिहिलं, त्यात भरतकामाच्या रजयांचा उल्लेख येतो. पुढे हिंदुस्थानी छापील सुती कापडाने युरोपात इतकी मागणी खाल्ली की १६८६ मध्ये फ्रान्सने त्यावर बंदी घातली. इंग्लंडने १७०१ आणि १७२१ च्या कायद्यांनी तेच केलं आणि १७७४ मध्ये ते निर्बंध उठवले. महाग छिटाच्या उरल्यासुरल्या तुकड्यांतली फुलं कापून साध्या कापडावर बसवण्याची चाल तिकडे पडली. आपलं कटाबच म्हणा.

तुकड्याला तुकडा जोडायची रीतही इंग्लंडमध्ये होती, पण माप सुईत नव्हतं, कागदात होतं. १७१८ हे साल शिवून घातलेलं एक रेशमी पांघरूण तिथे जपून ठेवलेलं आहे, ते याच पद्धतीचं: कागद आकारात कापायचा, त्यावर कापड दुमडून कच्चं टाचायचं, मग कडा हाताने जोडायच्या. काम बिनचूक, पण कमालीचं संथ.

आज आपण ज्याला ब्लॉक म्हणतो ती रीत अमेरिकेत १८४० च्या आसपास रुळली. गिरण्यांचं छापील सुती कापड स्वस्त झालं होतं. आख्खं पांघरूण मांडायला जागा लागते, सहा-आठ इंचांचा चौकोन मात्र मांडीवर होतो. त्याच सुमारास मशीन आलं: एलायस हाउचं पेटंट १८४६ चं, आयझॅक सिंगरचं १८५१ चं. मशीनवर कागद टाचत बसायचं कारण उरलं नाही. सरळ शिवण आणि कडेपासून ठरलेलं अंतर, एवढ्यावर काम भागू लागलं. कागदातलं माप शिवणीत आलं ते इथे.

बडोद्यात शिवण हे शिकण्याचं आणि कमावण्याचं काम झालं ते सयाजीराव तिसरे यांच्या कारकिर्दीत. १८९० मध्ये कलाभवन निघालं. तिथे रंगाई-छपाईसारखे विषय शास्त्र म्हणून शिकवले जात. १९१४ मध्ये महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालय सुरू झालं, बायकांना हातचं काम शिकून चार पैसे मिळवता यावेत म्हणून. १९३० च्या दशकात कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंगने उषा मशीन आणलं आणि देशी मशीन मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यात आलं. पण शिवणवर्गांचा भर झबली, पोलकी, परकर यांवर; आणि कपड्यात माया अर्धा-पाऊण इंच सोडतात, पुढे उसवून सैल करता यावं म्हणून. ठिगळाच्या खालोखाल ब्लॉकला नडते ती हीच सवय.

हिशेब करून पाहा. तयार ब्लॉक सहा इंचांचा हवा, म्हणजे प्रत्येक चौकोन दिसायला दोन इंचांचा. पाव इंच माया धरून तुकडे अडीच इंचांचे कापायचे. नऊ तुकड्यांना ५६ चौरस इंच कापड लागतं आणि दिसतं ३६. अर्धा इंच माया धरली तर तुकडा तीन इंचांचा, कापड ८१ चौरस इंच आणि दिसणार तेच ३६. शिवाय सांध्यावर गाठीसारखं जाड होतं. पाव इंचाहून कमी ठेवलं तर दशा सुटून शिवण उसवते. मधला मार्ग दोन सूत, म्हणजे पाव इंच.

यात अर्ध्या सुताची चूक काय करते? माया पाव इंचाऐवजी अर्धं सूत जास्त घेतली, तर दर शिवणीत दोन्ही तुकडे मिळून एक सूत जातं. ओळीत दोन शिवणी, म्हणजे दोन सूत. साडेसहा इंचांचा कच्चा ब्लॉक (कडेची माया धरून) सव्वासहावर येतो. असे आठ शेजारी लावले की दोन इंच गायब, आणि वरच्या ओळीचे सांधे खालच्याशी जुळत नाहीत.

मशीनच्या पायाची, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पट्टीची, उजवी कड सुईपासून पाव इंचावर असेलच असं नाही, जुन्या काळ्या मशीनवर तर नाहीच. मोजपट्टी पायाखाली ठेवून चाक हाताने फिरवायचं, पाव इंचाच्या खुणेवर सुई उतरवायची, आणि पट्टीची कड जिथे येते तिथे चिकटपट्टीचे चार-पाच थर लावायचे. मग चिंधीवर परीक्षा: अडीच इंच रुंद तीन पट्ट्या जोडल्या की मधली बरोबर दोन इंच आणि एकूण रुंदी साडेसहा यायला हवी. कमी आली तर शिवण केसभर कडेकडे सरकवायची, कारण घडी आणि दोराही थोडी जागा खातात.

कापताना आणखी एक गंमत. दुकानात कापड मीटरने, शिवणकाम इंचात. पाव मीटर म्हणजे पावणेदहा इंचांच्या जरा वर, म्हणून अडीच इंचांच्या चार पट्ट्या निघतील असा अंदाज असतो, निघतात तीनच. ‘ब्लॉकसाठी कापड’ मागितलं तर दुकानदार ठशाचं छापील कापड पुढे करण्याचाही संभव, कारण इकडे ब्लॉक म्हणजे आधी छपाईचा ठसा. साधं सुती मागा. ते रात्रभर पाण्यात ठेवून खळ काढा, कारण कोरं कापड पहिल्या धुण्यात आटतं. लाल आणि गडद निळं वेगळं भिजवा.

१९७९ मध्ये जपानच्या ओल्फा कंपनीने गोल पात्याचा रोटरी कटर आणला आणि माप शिवणीच्याही आधी, कापण्यात आलं. एकेक चौकोन कापण्याऐवजी पट्ट्या जोडून मग कापायची पद्धत त्यामुळे सोपी झाली. गडद-फिकी-गडद अशा तीन पट्ट्या जोडायच्या आणि आडवे अडीच-अडीच इंचांचे तुकडे पाडायचे. काठ सोडून ४२ इंच पन्ह्यात सोळा मिळतात. एका ब्लॉकला असे दोन लागतात आणि फिकी-गडद-फिकी असा एक, म्हणजे दुसऱ्या जोडाला अर्धीच लांबी पुरते. कात्रीनेही होतं, फक्त कापड उभ्या-आडव्या धाग्यात सरळ हवं. उरेब, म्हणजे तिरका, गेलेला चौकोन इस्त्रीखाली ताणतो. इस्त्री घासायची नाही, उचलून दाबायची, आणि माया गडद कापडाकडे वळवायची. मग ओळी जोडताना वरच्या आणि खालच्या शिवणी विरुद्ध दिशांना पडतात, एकमेकींत अडकून बसतात आणि कोपरे आपोआप जुळतात.

तयार ब्लॉक जोडून खाली लुगड्याचे थर घालायचे असतील, तर जुनं-नवं एकत्र येतं तिथे जपावं. ब्लॉकचं कापड दणकट, लुगडं विरलेलं. नव्याचा ताण जुन्यावर येतो आणि टाक्याच्या भोकातून लुगडं फाटतं. अशा वेळी धावदोऱ्याच्या ओळी ब्लॉकच्या शिवणीतून नेऊ नयेत, तिथे मायेचे थर सुई अडवतात. शिवणीपासून दोन सूत आत घ्याव्यात आणि मधला चौकोनही मोकळा सोडू नये. हातगोधडीत बऱ्याच ठिकाणी कडेपासून आत आत चौकटी घालत जातात. ते जमतं कारण थर जमिनीवर पसरून आधी टाचलेले असतात. मशीनवर वरचा थर पुढे ढकलला जातो आणि फुगा मधोमध कोंडतो, म्हणून तिथे उलट, मधून कडेकडे यायचं.