दारूचं चलान नसतं, खटला असतो

रात्री येऊरहून उतरताना किंवा पाम बीच रोडवर पुढे नाकाबंदी दिसली की गाडीत कुणीतरी म्हणतंच, "फार तर दहा हजार जातील." हा समज मला फार घातक वाटतो. दोन वेगळ्या गोष्टींची त्यात गल्लत होते.

हेल्मेट नसलं, सिग्नल तोडला तर ई-चलान येतं. मोबाइलवर मेसेज येतो, रक्कम भरली की विषय मिटला. मोटार वाहन कायद्याच्या कलम 200 ने दिलेली ही तडजोडीची सोय आहे. दारू पिऊन गाडी चालवण्याला ती सोय नाहीच. कलम 185 चं प्रकरण कोर्टातच जातं.

नाक्यावर यंत्राला नळी लावून लांब फुंकर मारायला सांगतात. आकडा 100 मिलिलिटर रक्तामागे 30 मिलिग्रॅमच्या वर गेला की गुन्हा झाला. "दोनच पेग घेतलेत, साहेब, पूर्ण शुद्धीत आहे" म्हणून उपयोग नाही. फुंकायला नकार दिला तर पोलिस वॉरंटशिवाय अटक करू शकतात आणि तो नकार पुढे कोर्टात तुमच्याच विरोधात जातो.

पहिल्यांदा दोषी ठरलात तर 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. यातलं काय द्यायचं ते न्यायाधीश ठरवतात. पुन्हा सापडलात तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 15,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. त्यापलीकडे लायसन्सचं कुणी बोलतच नाही. दोषी ठरल्यावर कलम 20 प्रमाणे कोर्टाला किमान 6 महिने गाडी चालवायला अपात्र ठरवावंच लागतं. घोडबंदर रोडवर रिक्षा किंवा कॅब चालवणाऱ्याची तेवढे महिने रोजीच बंद. नोकरीच्या फॉर्मवर "कधी गुन्ह्यात दोषी ठरलात का" असं विचारलं तर खरं उत्तर "हो" असतं.

हे सगळं कुणाला खरचटलंही नसताना. अपघातात माणूस गेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 106 लागतं, 5 वर्षांपर्यंत कैदेचं. प्रसंगी सदोष मनुष्यवधाचं 105 सुद्धा लागतं. 2006 मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर झोपलेले सात मजूर चिरडले गेले, त्या खटल्यात जुन्या भारतीय दंड संहितेतलं सदोष मनुष्यवधाचं कलम सुप्रीम कोर्टापर्यंत टिकलं.

आणि मित्र प्यायलाय हे माहीत असून "जा रे, काही होत नाही" म्हणत त्याच्या हातात चावी देणाऱ्यालाही मोटार वाहन कायद्याच्या कलम 188 खाली दारू पिऊन गाडी चालवल्याचीच शिक्षा होऊ शकते.