हळदीच्या आदल्या दिवशीचे वॅक्सिंग

सांगलीत वैशाखातली लग्नसराई सुरू झाली की माझ्या दवाखान्यात एक दृश्य दरवर्षी दिसते. सकाळी हळद लागलेली नवरी संध्याकाळी आईबरोबर येते. तिच्या दोन्ही हातांवर आणि पोटऱ्यांवर बारीक लाल पुटकुळ्या उठलेल्या असतात, आग थांबत नाही, आणि लग्नाचा मुहूर्त दुसऱ्या दिवसाचा असतो. आईचा पहिला संशय हळदीवर जातो. पण तो बोलून दाखवताना तिलाच अवघड वाटते, कारण हळदीची पेठ म्हणून नावाजलेल्या या गावात चांगली हळद अंगाला बाधावी हे सहसा कोणाला पटत नाही. भिंगातून पाहिले की प्रत्येक पुटकुळीच्या मधोमध एक सूक्ष्म छिद्र दिसते. आदल्या संध्याकाळपर्यंत त्या छिद्रात केस होता. वॅक्सिंगने असे हजारो केस मुळापासून उपटले गेले, आणि रात्र उलटते न उलटते तोच त्या उघड्या छिद्रांवर हळद, तेल आणि उन्हाळ्याचा घाम एकदमच आला.

आपल्या भाषेतील रोमकूप हा शब्द फार नेमका आहे. कूप म्हणजे विहीर. त्वचेचा सर्वांत वरचा मृत पेशींचा थर मिलिमीटरच्या दोन शतांश भागाइतकाही जाड नसतो, तरी बाहेरचे जंतू, रसायने आणि धूळ यांना तोच अडवतो. त्याच्या पृष्ठभागावर सौम्य आम्लता असते, साधारण पाच पीएचच्या आसपास, आणि ती अनेक उपद्रवी जंतूंना मानवत नाही. रोमकूप या थरातून खाली उतरतो आणि दाट, जाड केसांच्या बाबतीत काही मिलिमीटर खोल जातो. त्याच्या तळाशी रक्तवाहिन्यांनी वेढलेला, केस घडवणारा कंद असतो, तर वरच्या बाजूला तेलग्रंथी उघडते. माणसाच्या अंगावर असे सुमारे पन्नास लाख रोमकूप असतात. केस काढण्याची कोणतीही पद्धत या विहिरीच्या काठाला, भिंतीला किंवा तळाला कुठे तरी इजा करतेच. ही इजा किती खोल आहे आणि ती भरून येण्यासाठी आपण त्वचेला किती वेळ देतो, यावर पुढचे बहुतेक सगळे अवलंबून असते.

वस्तरा किंवा रेझर फक्त काठावर काम करतो. केस त्वचेच्या पातळीवर कापला जातो आणि कंदाला त्याची खबरही लागत नाही. म्हणूनच ‘रेझर लावला की केस दाट आणि राठ येतात’ ही समजूत शास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. अमेरिकेतील शरीरशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ साली पुरुषांच्या दाढीच्या केसांची मोजमापे घेऊन दाखवले की दाढी केल्याने केसांची जाडी, रंग किंवा वाढीचा वेग बदलत नाही. पुढे १९७० साली काही तरुणांच्या एकाच पायावर महिनोन्महिने रेझर फिरवून दुसरा पाय तसाच ठेवण्यात आला, तेव्हाही दोन्ही पायांच्या केसांत फरक आढळला नाही. मग हाताला ते राठ का लागतात? न कापलेल्या केसाचे टोक निमुळते असते. कापल्यावर त्याचा मधला जाड भाग वर येतो आणि तोच बोटांना खुंटासारखा टोचतो.

रेझर निर्धोक आहे असा मात्र याचा अर्थ नाही. केसाबरोबर तो वरच्या थराचे सूक्ष्म पापुद्रेही काढतो आणि डोळ्यांना न दिसणारे ओरखडे मागे ठेवतो. याचा सर्वांत स्पष्ट पुरावा शस्त्रक्रियागृहातून आला आहे आणि तो आपल्या भागात तरी लोकांना ठाऊक असायला हवा, कारण शेजारचे मिरज हे शस्त्रक्रियांसाठी दूरदूरच्या रुग्णांचे गाव आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली तेथे मिशन हॉस्पिटल उभे केले, तेव्हापासून तेथील वैद्यकीय परंपरा अखंड चालू आहे. जुन्या पिढीतील लोकांना आठवत असेल की, पूर्वी सगळीकडेच शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री रुग्णाचे पोट किंवा मांडी वस्तऱ्याने स्वच्छ केली जात असे आणि ते स्वच्छतेचेच लक्षण मानले जाई. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात चारशेहून अधिक रुग्णांच्या जखमांचा पाठपुरावा करण्यात आला. वस्तऱ्याने केस काढलेल्यांपैकी ५.६ टक्के रुग्णांच्या जखमेत जंतुसंसर्ग झाला होता. केसनाशक मलम वापरलेल्या किंवा केस मुळीच न काढलेल्या रुग्णांत हे प्रमाण केवळ ०.६ टक्के होते. ओरखड्यांत रात्रभरात जंतू वाढतात, हे त्यामागचे कारण होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार शस्त्रक्रियेआधी केस काढूच नयेत आणि काढणे भागच असेल तर केवळ क्लिपरने कापावेत, वस्तरा टाळावा. तेव्हा कोणी रुग्णाचे नातेवाईक हौसेने घरूनच वस्तरा फिरवून आणत असतील, तर त्यांना थांबवणे हीच रुग्णाची सेवा ठरेल.

सलूनमधील दाढीविषयी दोनच गोष्टी सांगतो. ब्लेड प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवे असावे, हे आता बहुतेकांना माहीत आहे. पण दाढीनंतर फिरवला जाणारा तुरटीचा खडा सगळ्यांसाठी एकच असतो, याकडे कोणाचे लक्ष जात नाही. तुरटी रक्त थांबवते हे खरे, परंतु त्याच खड्याला आधीच्या माणसाचे रक्त लागलेले असू शकते, आणि कावीळ ब चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो. स्वतःचा खडा घरून नेण्यात लाजण्यासारखे काही नाही. घरातही रेझर ज्याचा त्याचाच असावा. तसेच अंगावर नायटा असेल किंवा चामखिळी उठल्या असतील, तर त्या जागेवरून रेझर मुळीच फिरवू नये, कारण पात्याने झालेल्या ओरखड्यांच्या रेषेवर तेच रोग पुढे पसरत जातात. तालमीतील मुलांना हे मी विशेषत्वाने सांगतो: मॅटवर उतरण्याआधी छाती-पाठ गुळगुळीत करण्याची पद्धत अलीकडे वाढली आहे आणि घासली जाणारी, ताजी ओरखडलेली त्वचा हे जंतूंना आयतेच दार आहे.

केस काढण्याच्या क्रीमचे काम रसायनशास्त्राने चालते. केस ज्या केराटिन प्रथिनाचा बनलेला असतो, त्याच्या साखळ्या गंधकाच्या बंधांनी एकमेकींशी जखडलेल्या असतात. क्रीममधील थायोग्लायकोलेट हा क्षार हे बंध तोडतो, केस मऊ होऊन विरघळतो आणि पुसून निघतो. यासाठी क्रीम तीव्र अल्कधर्मी, म्हणजे सुमारे बारा पीएचचे असावे लागते. अडचण अशी की त्वचेचा वरचा थरही केराटिनचाच असतो. केसात गंधकाचे बंध अधिक असल्यामुळे तो आधी विरघळतो, आणि नळीवर लिहिलेली मिनिटे म्हणजे या दोहोंमधील अंतर असते. पाचची दहा मिनिटे केली, तर केसांनंतर त्वचेचा क्रम लागतो. ही कल्पना नवी नाही. सुश्रुतसंहितेत व्रणाभोवतीचे केस काढण्यासाठी शंखचूर्ण आणि हरताळ यांचा लेप सांगितला आहे. हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचे पिवळे संयुग. पोथीतील चुकलेल्या अक्षरांवर लावत असत तेच हे द्रव्य, ज्यावरून ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आला. ते विषारी आहे; जुने म्हणून निर्धोक, असे समजून आज कोणी ते अंगाला लावू नये.

आता वॅक्सिंग, ज्यात उपटलेल्या केसाबरोबर विहिरीच्या तळापर्यंत धक्का पोहोचतो. आपल्याकडे केसाच्या मुळाशी होणाऱ्या गळवाला केसतोड म्हणतात. केस तुटला म्हणून गळू झाले हे लोकांचे निरीक्षण अर्धे बरोबर आहे. उरलेले अर्धे म्हणजे रिकाम्या झालेल्या रोमकूपात शिरलेले जंतू, आणि त्यांत बहुधा आपल्याच नाकात किंवा त्वचेवर राहणारा स्टॅफिलोकॉकस असतो. वॅक्सनंतरचे पहिले एक-दोन दिवस म्हणूनच महत्त्वाचे असतात. त्या काळात कडक गरम पाणी, घट्ट कपडे, अत्तर, उटणे आणि उन्हातली कामे टाळावीत, आणि स्वच्छ गार पाण्याच्या पट्ट्या ठेवून साधे, बिनवासाचे मॉइश्चरायझर लावावे. हळदीच्या समारंभाच्या निदान तीन-चार दिवस आधी वॅक्सिंग उरकले, तर त्वचेला सावरायला वेळ मिळतो. हळदीची खरी ॲलर्जी असणारी माणसेही असतात; परंतु अखंड त्वचेवर जी हळद निमूट राहते, तीच ताज्या उपटलेल्या त्वचेवर आग करते.

घरी साखर, लिंबू आणि पाणी आटवून वॅक्स करणाऱ्या मुली उसाच्या या मुलुखात कमी नाहीत. कृती सोपी आहे, पण पाक घट्ट होऊ लागतो तेव्हा त्याचे तापमान उकळत्या पाण्यापेक्षाही वर, ११० अंशांच्या पुढे गेलेले असते. साठ अंशांचे पाणीसुद्धा काही सेकंदांत खोल भाजते. पाणी निदान ओघळून जाते, पाक चिकटून राहतो. तो मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंबभर लावून पाहिल्याखेरीज पायावर ओतू नये. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील, किंवा त्या थांबवून सहा महिने झाले नसतील, तर वॅक्सिंग करूच नये. या औषधाने त्वचा नाजूक झालेली असते आणि केसाबरोबर तिचा पापुद्राच सोलून येतो. पार्लरमध्ये एकच पट्टी किंवा एकच चमचा सर्वांसाठी वापरला जात असेल, तर उठून येण्यात संकोच करू नये.

तान्ह्या बाळांविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. बाळाच्या कपाळावरची, खांद्यांवरची आणि पाठीवरची लव जावी म्हणून डाळीच्या पिठाने किंवा तेल लावलेल्या कणकेच्या गोळ्याने अंग चोळण्याची रीत घरोघरी आहे, आणि ती करणाऱ्या आजीचे किंवा न्हाऊ घालणाऱ्या बाईंचे प्रेम निःशंक आहे. ही लव गर्भातच येते, बरीचशी जन्माआधी गळते आणि उरलेली काही आठवड्यांत आपोआप जाते. चोळण्याचे श्रेय कणकेला मिळते इतकेच. बाळाची त्वचा मोठ्यांपेक्षा पातळ असते. तिच्यावर खरखरीत पीठ घासल्याने पुरळ उठते, आणि धान्याची प्रथिने सोललेल्या त्वचेतून आत गेल्यास पुढे ॲलर्जीची शक्यता वाढू शकते. तेलाचे हलके मालीश अवश्य करावे, कणीक पोळीसाठी ठेवावी.

गोऱ्या कातडीच्या देशांतील सल्ले आपल्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, याचे मुख्य कारण मेलॅनिन, म्हणजे त्वचेला आणि केसाला रंग देणारे द्रव्य. आपल्या गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेला कोणतीही जळजळ झाली, की रंगपेशी जास्त रंग तयार करतात आणि लाली ओसरल्यावर काळा डाग महिनोन्महिने राहतो. काखेत, जांघेत आणि हनुवटीवर दिसणारा काळेपणा बऱ्याचदा मळाचा नसतो, तर वारंवारच्या उपटण्याचा, आणि परत आत वळून वाढलेल्या कुरळ्या केसांचा असतो. तो घासून जात नाही; घासल्याने वाढतो. औषधाच्या दुकानातून सांगोवांगी आणलेली स्टिरॉइडमिश्रित क्रीम यावर कधीही लावू नयेत. पहिल्या आठवड्यात त्यांनी डाग फिके दिसतात, पुढे त्वचा पातळ होते, लालसर शिरा दिसू लागतात आणि, या विषयातली सर्वांत खेदाची गोष्ट म्हणजे, त्याच जागी नवी लव वाढते. जांघेतील केसांबाबत माझे मत सरळ आहे: कात्रीने किंवा ट्रिमरने बारीक करणे पुरेसे असते, आणि तिथे गळू झाले तर लाजेपायी लपवून ठेवू नये.

लेसरने केस काढण्यामागचे तत्त्व १९८३ साली अँडरसन आणि पॅरिश या शास्त्रज्ञांनी मांडले. विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश केसातील मेलॅनिन शोषते, तापते आणि ती उष्णता भोवतालच्या पेशींना निकामी करते. पांढऱ्या केसात मेलॅनिन नसल्यामुळे त्यावर लेसर चालत नाही. आणि सावळ्या त्वचेतही मेलॅनिन असल्याने चुकीच्या यंत्राने केसाऐवजी त्वचाच भाजते. आपल्यासाठी १०६४ नॅनोमीटरचा, खोल जाणारा आणि त्वचेतील रंगद्रव्याला कमी तापवणारा लेसर अधिक सुरक्षित असतो. एका वेळी सगळे केस वाढीच्या अवस्थेत नसतात, म्हणून चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात. ‘कायमचे केस जातील’ हे आश्वासन कोणी देत असेल, तर ते अतिशयोक्त आहे. केस दीर्घकाळ कमी होतात, हेच खरे वर्णन. चेहऱ्यावर आणि मानेवर क्वचित उलटाच परिणाम होऊन बारीक लवेचे जाड केस होतात, आणि हे लेसरच्या आधीच सांगितले गेले पाहिजे.

याच टप्प्यावर मी बहुतेक तरुण मुलींना थांबवतो. हनुवटीवर, ओठांच्या वर किंवा छातीवर राठ केस येत असतील आणि सोबत पाळी दोन-दोन महिने येत नसेल, वजन वाढत असेल, मानेमागे मखमलीसारखा काळेपणा आला असेल, तर तो विषय त्वचेपुरता राहत नाही. दर दहा स्त्रियांमागे साधारण एकीला होणारा पीसीओएस हा बीजांडकोश आणि संप्रेरकांचा विकार असाच दिसतो. त्यात इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही, रक्तातील इन्सुलिन वाढते, त्याने बीजांडकोश अधिक पुरुषी संप्रेरके बनवतात आणि ती लवेचे केसांत रूपांतर करतात. अशा मुलीला पुढे मधुमेहाचा धोका अधिक असतो, म्हणून साखरेची तपासणी करावीच लागते. केस काही महिन्यांतच झपाट्याने वाढले आणि आवाज घोगरा झाला, तर एक दिवसही न दवडता तपासणी हवी, कारण क्वचित त्यामागे संप्रेरके बनवणारी गाठ असते.

औषधे सुरू केली तरी केसांचे चक्र संथ असल्याने फरक दिसायला सहा महिने लागतात. तेवढा काळ मुलीने कॉलेजला कसे जावे, हा प्रश्न मला मुळीच क्षुल्लक वाटत नाही. तोपर्यंत हनुवटीवर स्वच्छ, स्वतःचा रेझर हलक्या हाताने फिरवायला हरकत नाही, असे मी सांगतो, तेव्हा मुलीपेक्षा आईच अधिक दचकते, आणि मग मला १९२८ सालची ती मोजमापे पुन्हा एकदा सांगावी लागतात.