रीफ टँकचा एलईडी बल्ब: खोक्यावरचे आकडे आले कुठून

छोट्या रीफ टँकसाठी, म्हणजे जिवंत प्रवाळ ठेवायच्या खाऱ्या पाण्याच्या काचपेटीसाठी, बल्ब निवडताना वॅट, केल्विन, अ‍ॅक्टिनिक, पीएआर या शब्दांशी गाठ पडते. यातले बरेचसे एलईडीच्या आधीच्या दिव्यांसोबत रुळले आणि तसेच चालत राहिले. निवड चुकते ती बहुधा इथेच.

प्रवाळाच्या ऊतींत झूझँथेली हे एकपेशीय शैवाल राहते आणि प्रकाशसंश्लेषणातून प्रवाळाला अन्न पुरवते. तांबडा प्रकाश समुद्राच्या वरच्या काही मीटरांतच शोषला जातो, निळा खोल उतरतो. या शैवालातली हरितद्रव्ये 430 ते 460 नॅनोमीटरच्या निळ्या पट्ट्यात जोरात काम करतात. 1960 च्या सुमारास जकार्तात ली चिन एंग यांनी प्रवाळ टँकमध्ये जगवले ते जिवंत खडक (सूक्ष्म जीव वसलेले समुद्रातले दगड), हवेचे बुडबुडे आणि सूर्यप्रकाश यांच्या जोरावर. खिडकीपासून दूर टँक ठेवायचा म्हटल्यावर दिव्याचा प्रश्न आला.

1980 च्या दशकात मेटल हॅलाइड हे प्रखर वायूदिवे आले. 150, 250, 400 वॅटचे हे दिवे 6500 केल्विनला पिवळसर, 20000 ला गडद निळे दिसत. केल्विन पाहून दिवा घ्यायची सवय तिथली. पण केल्विन फक्त डोळ्याला रंग कसा दिसतो ते सांगतो. दोन दिवे 14000 चे असूनही त्यांचा वर्णपट वेगळा असू शकतो. पेन स्टेट विद्यापीठातले प्राध्यापक संजय जोशी यांनी असे दिवे पद्धतशीर मोजले, तेव्हा सारख्या वॅटच्या दिव्यांतही, इतकेच काय चोक बदलला तरी, मोठा फरक दिसला. फ्लुरोसंट ट्यूबच्या काळात ‘लिटरमागे एक वॅट’ हा ठोकताळा रूढ झाला, आणि 420 नॅनोमीटरच्या निळ्या-जांभळ्या ट्यूबमुळे ‘अ‍ॅक्टिनिक’ हे नाव. ट्यूब वर्षाच्या आसपास बदलावी लागे, कारण आतल्या लेपाची झीज होऊन तिचा रंग सरकतो. छोट्या टँकची खरी अडचण मात्र उष्णतेची होती. 40 लिटरवर हॅलाइड लावला की पाणी तापते, बाष्पीभवन वाढते, खारेपणा चढतो.

1993 मध्ये निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी प्रखर निळा एलईडी बनवला. पांढरा एलईडी म्हणजे निळ्या चिपवर फॉस्फरचा, म्हणजे चमकणाऱ्या रसायनाचा, पिवळा लेप; म्हणजे त्यातही 450 च्या आसपासचा निळा भरपूर असतो. प्रवाळाला नेमके तेच हवे, हा निव्वळ योगायोग. 2000 च्या दशकाच्या उत्तरार्धात रीफसाठीचे एलईडी संच बाजारात आले. छोट्या टँकवाल्यांनी दुकानांतल्या झोतदिव्यांचा पीएआर-38 बल्ब उचलला आणि त्यात निळ्या चिप बसल्या. या नावातला पीएआर परावर्तकाच्या आकाराचा आहे, 38 म्हणजे सुमारे 12 सेंटिमीटर व्यास. प्रवाळाला लागणारा प्रकाश मोजतात तो पीएआर वेगळाच; ते प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणाऱ्या प्रकाशाचे माप.

सुरुवातीला प्रकाश जास्त होऊन अनेकांची प्रवाळे पांढरी पडली. डोळा 555 नॅनोमीटरच्या हिरव्याला सर्वाधिक संवेदनशील, त्यामुळे तीव्र निळा प्रकाशही मंद भासतो. लोक बल्ब आणखी खाली आणत. वॅटचा ठोकताळाही कोलमडला, कारण एलईडीवरचे भिंग सगळा प्रकाश एका वर्तुळात ओतते. पाण्यापासून 25 सेंटिमीटर उंचीवर 60 अंशांचे भिंग पृष्ठभागावर साधारण 29 सेंटिमीटरचे वर्तुळ देते, 40 अंशांचे जेमतेम 18 चे. म्हणून 30 सेंटिमीटरच्या घनाकार टँकला 60 अंशांचा एक बल्ब बरा. 60 सेंटिमीटर लांब टँकला दोन लागतात, नाहीतर कोपरे अंधारात राहतात.

निम्म्याहून अधिक चिप 450 ते 455 नॅनोमीटरच्या असाव्यात, उरलेल्या थंड पांढऱ्या. एखाद-दुसरी 420 ची असेल तर उत्तम. ज्या बल्बचा प्रकाश कमी-जास्त करता येत नाही त्यात हे प्रमाण नंतर बदलता येत नाही. मऊ प्रवाळे आणि झोअँथिड्स (प्रवाळासारखेच गुच्छाने वाढणारे जीव) यांना 50 ते 100 पीएआर पुरतो, मोठ्या पॉलिपच्या (पॉलिप म्हणजे प्रवाळातला एकेक जीव) कठीण प्रवाळांना 80 ते 150. अ‍ॅक्रोपोरासारख्या फांद्या फुटणाऱ्या कठीण प्रवाळांना 200 च्या वर लागतो. त्यासाठी एका बल्बवर विसंबू नये. नवा बल्ब 40 सेंटिमीटरवर टांगून दर आठवड्याला 5 सेंटिमीटर खाली आणावा.

हे बल्ब मरतात ते बहुधा ड्रायव्हरमुळे, म्हणजे एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटमुळे. तो बुडाशी कोंडलेला असतो, बंद झाकणात तापतो, उडालेल्या पाण्याचे मीठ हीट सिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांवर) साचते. वर हवा खेळती ठेवावी, बल्ब आणि पाणी यांच्या मध्ये काच असावी, आणि ओघळ प्लगपर्यंत जाऊ नये म्हणून वायरीला प्लगच्या खाली झोळ द्यावा.

उसन्या मीटरने पीएआर मोजणार असाल तर सेन्सर कोणत्या पिढीचा ते आधी विचारा. सूर्यप्रकाश आणि ट्यूब डोळ्यापुढे ठेवून बनवलेले काही जुने सेन्सर 450 चा निळा कमी दाखवतात. तिथे 100 दिसले तर प्रवाळावर त्याहून जास्त पडत असतो.