खिशात बाळगायचे जुने नाणे : घेणाऱ्यांसाठी माहिती

"रोज खिशात ठेवता येईल असं एखादं दणकट जुनं नाणं दाखवा," अशी मागणी घेऊन आमच्या दुकानात बरेच जण येतात. नवल वाटायचे कारण नाही. आपल्याकडे आजोबांच्या कनवटीला नाहीतर चंचीत एखादा ढब्बू पैसा कायम असायचा. तो खर्चायचा नसे. बोलता बोलता अंगठ्याने चोळायचा, एवढेच त्याचे काम. फक्त खिशात काय शोभेल आणि काय खराब होईल, हे घेण्याआधी कळलेले बरे, म्हणून हे पत्रक.

आमची पहिली शिफारस कुषाण राजा विम कडफिसेसच्या मोठ्या तांब्याच्या नाण्याची. साधारण १,९०० वर्षांपूर्वीचे हे नाणे हातात घेऊन शेजारी आजचे दहा रुपयांचे नाणे ठेवा. रुंदी जवळपास सारखीच. पण दहाचे नाणे ७.७१ ग्रॅमचे आणि हे सुमारे १७ ग्रॅमचे, म्हणजे दुपटीहून जड. फरक जाडीचा. एका बाजूला वेदीपाशी उभा राजा आणि ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूला नंदीसह शिव आणि खरोष्ठी या जुन्या लिपीतला लेख. सोलापुरात सिद्धेश्वराच्या भक्तांना हे नाणे पटकन आवडते, हे आम्ही वेगळे सांगायला नको.

दुसरा पर्याय १८३५ चा कंपनी सरकारचा अर्धा आणा. हाच तो ढब्बू. रुंदी सुमारे ३१ मिलिमीटर, वजन जेमतेम १३ ग्रॅम. प्राचीन म्हणता येणार नाही, पण हातात भरतो छान आणि खिशालाही परवडतो. शिवराई मात्र आकाराने लहान. त्यातही 'श्री राजा शिव' ही अक्षरे स्वच्छ दिसणारी शिवराई कुणी खिशासाठी मागितली, तर आम्ही सरळ नाही म्हणतो. ती डबीत राहावी. खिशासाठी आधीच झिजलेली दुदांडी, म्हणजे दोन आडव्या रेघांची शिवराई घ्या.

परदेशी नाण्यांचे फोटो मोबाइलवर दाखवून कुणी कुणी विचारतात. इजिप्तच्या टॉलेमी राजांची काशाची नाणी खरोखरच अजस्र आहेत. त्यांतली मोठी ४० मिलिमीटरच्या पुढे आणि ७० ग्रॅमच्या आसपास भरतात. शर्टाच्या खिशात घातले तर खिसा पोटापर्यंत लोंबेल. रोमन सेस्टर्शियस पितळेचा, २५ ग्रॅमच्या आसपास, तो खिशात चालतो. ही दोन्ही आम्ही ठेवत नाही.

सातवाहनांची शिशाची नाणी खिशात नकोत. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर म्हणजे जुने तगर, सातवाहन काळातली मोठी बाजारपेठ. तिथल्या लामतुरे संग्रहालयात त्या काळच्या वस्तू जरूर पाहा. पण शिसे मऊ आणि विषारी. नाणे कोऱ्या कागदावर ओढून पाहिले आणि पेन्सिलीसारखी राखाडी रेघ उमटली, की ते शिशाचे समजावे. तोच हात पुढे भाकरीला लागणार, नातवाच्या गालाला लागणार.

आता घामाबद्दल. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी सहज ओलांडतो, आणि छातीवरच्या खिशातले तांबे दुपारपर्यंत ओले होते. घामात मीठ असते. त्याने पांढऱ्या शर्टावर हिरवट डाग पडतो, तो एक वेळ निघेल. खरा त्रास वेगळा. नाण्यावरचा घट्ट, गुळगुळीत हिरवा किंवा तपकिरी थर चांगला. तो शेकडो वर्षांत चढलेला असतो आणि खालच्या धातूला सांभाळतो. पण एखाद्या खळग्यात फिकट हिरवी, पिठासारखी पूड दिसली, दात-काडीने काढली आणि चार दिवसांनी पुन्हा आली, तर तो रोग आहे. संग्राहक त्याला ब्रॉन्झ डिसीज म्हणतात. मिठातला क्लोराइड आणि हवेतली ओल मिळून तांबे आतून पोखरतात. असे नाणे खिशातून लगेच काढा, कोरड्या डबीत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि आमच्याकडे घेऊन या.

आणि कृपा करून चिंच-मिठाने घासू नका! देवघरातली तांब्याची भांडी लखलखीत करायची ही पद्धत नाण्याचा जीव घेते. चिंच थर खाते, मीठ रोगाला आमंत्रण देते. दिवाळीनंतर लक्ष्मीपूजनातली नाणी गुलाबी-केशरी होऊन आमच्या काउंटरवर येतात, तेव्हा आम्हाला काही बोलवत नाही. संध्याकाळी कोरड्या सुती कापडाने पुसले की झाले. जुन्या चादरीचा मऊ तुकडा उत्तम.

नाणे एकट्याने राहू द्या. किल्ल्या, मोबाइल, सुटे पैसे दुसऱ्या खिशात. चंचीत ठेवत असाल तर चुन्याच्या कप्प्यात नको, हे एका गिऱ्हाइकामुळे लिहावे लागत आहे.

झीज होणारच. आमच्या मालकांच्या खिशातल्या विमच्या नाण्यावर नंदीचे वशिंड पार सपाट झाले आहे, शिवाच्या त्रिशूळाची फक्त दांडी उरली आहे, आणि कडा साबणाच्या चिपेसारखी गुळगुळीत. रंग मात्र जांभळट तपकिरी, आतून उजेड असल्यासारखा. असा रंग डबीतल्या नाण्याला येत नाही. पण झीज भरून येत नाही, म्हणून चांगल्या प्रतीचे नाणे खिशासाठी घेऊ नका. झिजलेले, साधे, स्वस्त घ्या.

कायद्याचे दोन मुद्दे. १०० वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि देशाबाहेर नेता येत नाही. मुलाकडे अमेरिकेला निघालात तर ते घरीच ठेवून जा. विमानतळावर "सहज खिशात होतं" हे कारण चालत नाही. दुसरे, शेत नांगरताना नाणी सापडली तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरना कळवावे लागते. अशी नाणी आम्ही विकत घेत नाही, कितीही ओळखीचा माणूस असला तरी.

राम-सीता किंवा हनुमान आणि मागे ईस्ट इंडिया कंपनी, १८१८ असे छापलेले तांब्याचे नाणे कुणी दाखवले, तर ते कंपनीचे नव्हे. कंपनीने तसले काही पाडलेच नाही. नाणे तांदूळ खेचते, त्यात इरिडियम आहे, लाखोंना जाईल असे सांगणारा भेटला तर पैसे देऊ नका, पोलिसांना कळवा.

आमच्याकडून घेतलेल्या नाण्याचे बिल मिळते, त्यावर वजन आणि व्यास लिहिलेला असतो. दर वर्षी नाणे आणून वजन करून घ्या, त्याचे पैसे नाहीत. परत विकायचे झाले तर खिशात वापरलेल्या नाण्याला आम्ही घेतल्या भावापेक्षा कमी देतो, हे आधीच सांगून ठेवतो.